लोटनचा डावा खांदा

रावेरच्या केळीच्या बागांमध्ये लोटनचा उजवा खांदा सगळ्यांच्या ओळखीचा होता. कापणाऱ्याने देठावर विळा टाकण्याआधी तो घडाखाली जाऊन उभा राही, आणि घड त्याच्या खांद्यावर असा उतरे की एकाही फणीला डाग लागत नसे. डागी माल पॅकिंगवाले बाजूला काढतात. म्हणून बागायतदार आधी त्यालाच निरोप धाडत. मी त्याचा शाळेतला मास्तर; माझ्या वर्गात होता तेव्हाही दप्तर त्याच खांद्याला असायचं.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. तेवढा भाग दुर्बिणीतून काढायचा होता. जळगावचे सर्जन म्हणाले, "मी काखेखालच्या एकाच छिद्रातून करतो. पण तुमचं फुप्फुस मागे चिकटलेलं दिसतंय. नाही जमलं तर छाती उघडावी लागेल."

लोटनची बायको पुष्पाबाई शिंदखेड्याकडची. तिच्या दुकानदार भावाने धुळ्याच्या डॉक्टर मेघा यांचं नाव सुचवलं. मीही सोबत गेलो.

"मी तीन छिद्रं करते," त्या म्हणाल्या. "तिसरं पाठीत. तिथून चिकटलेला भाग मला नीट दिसतो. छाती उघडायची वेळ सहसा येत नाही. येणारच नाही, असं मात्र म्हणत नाही."

"पाठीत कुठं?"

त्यांनी उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोट टेकवलं. लोटनचा चेहरा उतरला. घड मागे झुकला की त्याचा भार नेमका तिथेच येतो.

"ते एक सोडून द्या ना, बाई. दोनातून करा."

"दोनातून करणारे आहेत, आणि चांगलं करतात. माझा हात तीनावर बसला आहे. जखम भरेल, पण तिथलं दुखणं किती राहील, ते आज सांगता येणार नाही."

पुष्पाबाईला राहवेना. "जीव मोठा शे का घड?"

"घडाबिगर काय करू मी? तुह्या भावाच्या दुकानात पुड्या बांधू?"

मग तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, कापणाऱ्यांत योगराज एका घावात देठ तोडतो. अमृत दोन घाव घालतो. मी कोनालेच सांगत नही, असाच काप म्हणून. मधीच हात बदलायले लावला का घड खाली." आणि डॉक्टरांना म्हणाला, "तुमी तुमच्याच पद्धतीनं करा, बाई. खांदा मी बदलतो."

"म्हणजे?"

"डावा रिकामाच आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. वजन कधीपासून उचलायचं ते त्या सांगतील, त्याआधी नाही, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत लोटन अंगणात डाव्या खांद्यावर उशी घेऊन चालत होता. "लेकरू झोपवतोस का रे?" शेजारी विचारत. ऑपरेशन छाती न उघडता पार पडलं. नंतर श्वास ओढून गोळे वर चढवायचं यंत्र तो तासन्‌तास घेऊन बसे. डाव्या खांद्यावर आधी उशी आली, मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वाळूची गोणी. पाठीतली जखमेची जागा ताणली की तो ओठ घट्ट मिटायचा, आणि पुन्हा चालायला लागायचा.

केळीची कापणी सुरू झाली तेव्हा तो योगराजसमोर जाऊन उभा राहिला.

"कोनता खांदा, नवरदेव?" योगराजने विचारलं.

"डावा. काप."

विळा फिरला. घड उतरला आणि लोटन एकदम कलला; सवयीने उजवा खांदाच पुढे झाला होता. योगराज हात द्यायला धावला.

"हात लावू नको!"

गुडघे वाकवून लोटनने तोल सावरला. नेहमीपेक्षा हळू, पाय चाचपत तो ट्रॉलीपर्यंत गेला. पॅकिंगच्या सुनंदाबाईंनी घड फिरवून फिरवून पाहिला. एका फणीवर काळसर ओरखडा होता. त्यांनी ती फणी वेगळी ठेवली.

लोटनने ती पाहिली. डाव्या खांद्यावरचं गोणपाट नीट केलं आणि परत बागेत शिरला.

"योगराज, पुढचा काप."