मॅटवर उतरण्याआधी शिवलेला बिल्ला

शनिवार, सकाळी अकरा. ब्लेझर आत घ्यायचे अडीचशे आणि बिल्ला शिवायचे चाळीस, एकूण दोनशे नव्वद. हजर दोघे: मी आणि पापडी गावातले म्हातारे शिंपी. माझी मुलगी हजर नव्हती, आणि चूक तिथेच झाली.

तिची विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली होती. विद्यापीठाकडून निळा ब्लेझर आला, मापापेक्षा मोठा. विद्यापीठाचं चिन्ह असलेला बिल्ला मात्र वेगळ्या पिशवीत. मला वाटलं, काम अर्धं राहिलंय.

संध्याकाळी ब्लेझर बघून ती ओरडलीच.

"पप्पा, कुणी सांगितलं होतं? मॅटवर उतरल्याशिवाय बिल्ला लावत नाहीत!"

"आणि नाहीच उतरलीस तर?"

"तर तसाच घरी आणायचा. न खेळता लावला तर पाहुणी म्हणतात. जन्मभर."

संघ बारा जणींचा. मॅटवर सात, बाहेर पाच. यादीत तिचा नंबर अकरावा.

शिंप्यांनी टाके उसवले. "लावनार पन मी, काढनार पन मीच. घरात एकमेकांशी बोलत नाय का, सायेब?" उसवायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण खिशावर सुईची भोकं राहिली.

ही प्रथा कुठून आली, हे काही डोक्यातून जाईना. सरावाला सोडायला गेलो तेव्हा प्रशिक्षक मॅडमना विचारलं, "हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग कधीपासून आहे?"

"माझ्या आधीपासून. मीही याच विद्यापीठाच्या संघात होते. एक वर्ष, राखीव. चार सामने झाले, एकदाही उतरले नाही. पुढच्या वर्षी निवडच झाली नाही. ब्लेझर धाकट्या बहिणीला दिला. बिल्ला कपाटात आहे, पिशवीसकट."

"एकदा तरी लावून बघावासा वाटला नाही?"

"वाटतो की. अजून वाटतो."

मी भोकांची गोष्ट सांगून टाकली. मॅडम म्हणाल्या, "मुलींना तिचं तिला सांगू द्या."

तिने त्याच दिवशी सांगितलं. कर्णधार मुलगी म्हणाली, "म्हणजे पाहुणी आधीच जेवून आली!" सगळ्या हसल्या. ही हसली नाही, असं तिनेच मला परतताना स्कूटरवर सांगितलं.

स्पर्धा बाहेरगावी होती. पहिले दोन सामने ती बाकावर. तिसऱ्यात आमच्या मुली अठरा गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी, तेव्हा मॅडमनी तिला उतरवलं. तिच्या वाट्याला एकच चढाई आली. गुण शून्य, पण बाद न होता परतली. फोनवर मी दोनदा विचारलं, "एवढ्याने चालतं?"

"पप्पा, चालतं!"

चौथा सामना हरून संघ परतला. रविवारी कर्णधार मुलगी गिरीजला आमच्या घरी आली आणि ओट्यावर बसून तिने बिल्ला शिवला. बावीस टाके, मी मोजले. टाके थोडे वाकडे होते. शिंप्यांचे सरळ होते. बिल्ला कर्णधारानेच शिवायचा आणि शिवणारीला त्या घराने पोटभर खाऊ घालायचं, हेही तेव्हाच कळलं.

"काय खाणार, बाळा?"

"भुजिंग, काका. आणि पाव जास्त."

भुजिंगच्या, म्हणजे कोळशावर भाजलेल्या चिकन-पोह्यांच्या, तीन प्लेट आणि बारा पाव. चारशे ऐंशी रुपये, नाक्यावरच्या भुजिंगवाल्याला रोख दिले.