नागपूरहून आणलेल्या दोन ब्रेक डिस्क

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरासमोर त्यांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार कव्हरखाली उभी होती. मी ती विकायचं म्हणत होते, मुलगी रेवा ह्यांच्यासारखी रेसिंग ट्रॅकवर चालवायचं म्हणत होती. शेवटी तीच म्हणाली, "ब्रेक की डिस्क आप पसंद करो. भरोसा न बैठे तो बेच देंगे." म्हणून आम्ही तिच्या गाडीने नागपूरला निघालो.

सकाळी साडेपाचला रायपूर सोडलं की दुर्गची गर्दी टळते. राजनांदगावला पोहे आणि चहा, दोघींचं शंभराच्या आत झालं. देवरीजवळ जंगलातून रस्ता जातो आणि गुरं आडवी येतात, तिथे वेग नको.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. तीन आठवडे डिक्शनरी उशाशी घेऊन ह्यांच्या कपाटातले गाडीचे इंग्रजी कागद वाचले होते. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला धरतात. ट्रॅकवर ती पुन्हा पुन्हा तापते. भोकं पाडलेली डिस्क दिसायला छान असते, पण भोकांपाशी तडकते. ह्यांनी तसलीच बसवली होती.

नागपूरला ह्यांच्या नेहमीच्या दुकानात दुकानदार वामनभाऊंनी आम्ही नेलेल्या जुन्या डिस्कवरून नख फिरवलं. "ह्या चिरा पाहा ताई. साहेबाले मी तवाच म्हटलं होतं, साधी जाड डिस्क घ्या. ते म्हणे, घरी विचारून सांगतो."

"मंग काहून नाही आले?" मी विचारलं.

"ते मले काय माहीत?"

मला माहीत होतं. ह्यांनी जेवताना विचारलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "पोट्टी लग्नाची झाली अन् तुम्ही जिवाशी खेळा." ते "बरं" म्हणाले आणि ट्रॅकवर जायचे थांबले. त्यांना आता त्याचा कंटाळा आला, असं मीच नातेवाइकांना सांगत होते. सहा महिन्यांनी ते ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

रेवाला वर रेघांसारख्या खाचा कोरलेली डिस्क हवी होती. मी साधी मागितली. जाड, मधून हवा खेळणारी. जाड तवा एकदम तापत नाही, एवढं मला कळतं. वाचलेल्या पैशांत जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि चांगलं ब्रेक ऑइल घेतलं.

"मम्मी, एकदम सादी दिखती है."

"चाकाच्या आत कोण पाहून राहिलं?"

वामनभाऊ हसले. "पोट्टी बापावर गेली. त्यायलेही आधी शान पाहिजे."

नवं सामान दुकानाबाहेर जाण्याआधी त्याला कुंकू लावायची त्यांची पद्धत. कोयरी त्यांनी मला टाळून रेवापुढे धरली. ती म्हणाली, "मम्मी लगाएगी." मग त्यांनी कोयरी माझ्याकडे केली. दीड वर्षात मी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. तेलात कालवलेलं कुंकू मी डिस्कच्या चकचकीत भागावर लावलं.

"तिथं नाही ताई. तिथं पॅड घासते, तेल लागलं तर ब्रेक धरत नाही. मधात लावा."

त्यांनी फडक्याने, मग स्प्रेने ते पुसून दिलं. मी पुन्हा लावलं, दोन्ही डिस्कच्या मधोमध.

डिस्क नव्या असल्या की लगेच ट्रॅकवर जायचं नसतं. आधी पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसू द्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. ह्यांच्या गाडीला डिस्क बसवून घेतल्या आणि रविवारी सकाळी नवा रायपूरच्या रिकाम्या रस्त्यावर रेवाने ते केलं. मी शेजारी बसले होते. दर वेळी पट्टा छातीत रुतायचा.

"डर लग रहा है?"

"हव."

"बस करूँ?"

"नको. अजून चार वेळा राहिलं."

गाडी आता विकायची नाही. रेवा पुढच्या महिन्यात ती ट्रॅकवर नेणार आहे, मीही जाणार आहे. भीती तेवढीच आहे. त्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. हे दर रविवारी विचारायचे, येतेस का म्हणून. मी म्हणायची, पोळ्या व्हायच्या आहेत.