पश्चिम राहिली

शारजात आमच्या बिल्डिंगच्या मागे वाळूचं कच्चं पार्किंग आहे. त्याच्या कोपऱ्यात एक गाफचं झाड आहे. गाफ म्हणजे इथलं वाळवंटातलं झाड. बारीक पानं, खाली झुकलेल्या फांद्या, आणि खोडाला टेकवलेली कुणाची तरी जुनी सायकल. लहानपणापासून मी ते रोज पाहत होते आणि माझ्या लेखी ते फक्त गाडीला सावली देणारं झाड होतं. सावलीतली ती एक जागा मिळवण्यासाठी अख्खी बिल्डिंग भांडते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी त्या झाडाखाली बसायला लागले.

का, ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पप्पा दुबईत मरीनातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहेत, मम्मी अल क्वोजला एका कार्गो ऑफिसमध्ये. दोघंही वसईचे, दोघांचंही शिक्षण शाळेत संपलं. मी प्रेझेंटेशनला उभी राहिले की माझा आवाज बसायचा. वर्गातल्या बाकीच्यांना सगळं आधीच माहीत आहे, असं वाटायचं. रात्री रोझरीची माळ जपताना तोंड चालायचं, पण मी कुठेतरी दुसरीकडेच असायचे. हे मम्मीला सांगायची हिंमत नव्हती. आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाआधी प्रार्थना होते आणि दारावर झावळीचा क्रूस असतो. तिथे ‘मला प्रार्थनेत काही वाटत नाही’ हे वाक्य कुठे ठेवणार?

एका असाइनमेंटसाठी शोधताना मला वेल्समधल्या एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं ऐकायला मिळालं. ती आजच्या काळातली ड्रुइड होती. ड्रुइड म्हणजे तिकडच्या जुन्या लोकांसारखं झाडं, ऋतू, सूर्य यांना पवित्र मानून जगू पाहणारी माणसं. ती म्हणाली, सुरुवात करायला काही लागत नाही. एक झाड शोधा, रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, त्याला काहीतरी द्या, चारी दिशांना शांती मागा आणि ऐका.

तिचं झाड ओक होतं. शारजात ओक कुठून आणू? आमच्या रोल्ला भागाला नाव मिळालं ते एका जुन्या वडावरून, आणि तो वडही आता नाही. मग उरला पार्किंगमधला गाफ.

मम्मीची ऑफिसची व्हॅन पहाटेच निघायची. ती गेली की मी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन खाली उतरायचे. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली की मी फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत असल्यासारखं केलं आणि पाणी पटकन ओतून टाकलं. हळूहळू बसायला लागले. दिशांना शांती कुठल्या भाषेत मागायची, तेही ठरेना. इंग्रजीत म्हटलं की कॉल सेंटरसारखं वाटायचं. शेवटी मराठीत म्हटलं, “पूर्वेला शांती असो.” पूर्वेला समुद्रापलीकडे वसई, म्हणून ती मला आपोआप आधी आठवली. मग दक्षिण, पश्चिम, उत्तर. त्यानंतर ड्रुइड लोक लांब श्वास घेऊन ‘आवेन’ असा एक सूर लावतात. प्रेरणा आत वाहून यावी म्हणून. मी तो इतका हळू लावायचे की एसीच्या आवाजाखाली तो मलासुद्धा ऐकू यायचा नाही.

झालं काहीच नाही. दर्शन नाही, चमत्कार नाही. एक बुलबुल यायचा. ओली वाळू गडद व्हायची आणि पुन्हा फिकी व्हायची. पण वर जाताना जिन्यात मला वाटायचं की आज कुणाशी तरी बोलून आले.

डिसेंबर आला. ड्रुइडांचा हिवाळ्यातला मोठा सण सर्वांत लहान दिवसाचा, सूर्य परत येण्याचा. इथे सूर्य गेलेलाच नसतो. उलट तो थोडा नरमला म्हणून लोक खुर्च्या घेऊन समुद्रावर जातात. तरी मी तो दिवस पाळायचा ठरवला होता.

त्याच्या दोन दिवस आधी आम्ही नाताळची कुलकुलं करत होतो. मम्मी काट्याच्या पाठीवर पीठ दाबून वळत होती, मी ताटात मांडत होते. ती मान वर न करता म्हणाली, “कोण आहे तो?”

“कोण?”

“मला वेडी समजू नको बाय. वॉचमननं सांगितलंय. ‘आपकी लडकी रोज पेड को पानी डालती है, हमारे लोगों जैसा.’ गुजराती आहे, की आपल्याकडचाच कुणी हिंदू?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी कुणा हिंदू मुलाशी लग्न ठरवलंय आणि सासरची सवय आत्तापासून करून घेतेय, असं मम्मीला वाटत होतं! मी हसले. तिथेच चुकलं.

“हस. पप्पांना कळलं की हसशील.”

पप्पा आतून म्हणाले, “काय कळलं?”

“तुमची पोरगी झाडाला पाणी घालते.”

“मग बरं आहे की. आपल्या मनी प्लांटलाही घाल म्हणावं. मेलाय तो.”

“तुम्ही गप्प बसा.”

“बसलो,” पप्पा म्हणाले आणि त्यांनी टीव्ही मोठा केला.

मी म्हटलं, “मम्मी, मुलगा नाही कुणी. मीच आहे.” आणि जमेल तसं सगळं सांगितलं. वेल्सची बाई, झाड, दिशा. ‘आवेन’ तेवढं सांगितलं नाही.

तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे गोरे लोक?”

“गोरे.”

“गोऱ्यांनीच येऊन आपल्याला ख्रिस्ती केलं. आता तेच झाडाकडे परत चालले? मग आपण मधल्यामध्ये काय करायचं?”

मी ताटातली कुलकुलं उगाच सरळ केली.

तिनं काटा खाली ठेवला. “एक सांग. येशूला सोडलंस का?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ते सोपं होतं, ती पुन्हा पीठ वळायला लागली असती. पण तिचे हात पिठानं भरलेले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की खोटं बोलवेना. मी म्हटलं, “सोडलं नाही. पण चर्चमध्ये मिस्साला हल्ली मला काही ऐकू येत नाही. तिथे खाली बसले की येतं. कोण बोलतं, ते मला माहीत नाही.”

“नाताळला कम्युनियन घेशील?”

“माहीत नाही, मम्मी.”

ती उठली आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. उरलेली कुलकुलं मी एकटीनं वळली. माझी नेहमी उलगडतात, तशी उलगडली.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तिची भीती कळत होती. देवाची होतीच, पण त्याहून जवळची भीती चर्चच्या आवाराची होती. तिथे वसईच्या सगळ्या मावश्या भेटतात आणि कुणाची मुलगी कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठली नाही, हे मिस्सा संपायच्या आत सगळ्यांना कळतं. कॉलेजात घालून पोरगी हातची गेली, असं म्हणतील. माझ्या कॉलेजचं तिला किती कौतुक होतं! मी ठरवलं, सोडून देऊ. झाड काही रागावणार नाही.

त्या लहान दिवशी सुट्टी होती. मी अंथरुणातच होते. मम्मी दारात आली. गाउनवर शाल, हातात स्टीलचा पेला.

“चल. दाखव काय करतेस.”

आम्ही लिफ्टनं उतरलो. खाली थंडी होती, म्हणजे इथली थंडी. झाडाखाली एक पिकअप लावलेला होता, त्याच्या मागून वळसा घालून गेलो. मी पाणी घातलं. मम्मी शाल घट्ट धरून उभी होती.

“मग?”

मी पूर्वेकडे तोंड केलं. आवाज बसला, प्रेझेंटेशनला बसतो तसाच. “पूर्वेला शांती असो.”

“आमेन,” मम्मी म्हणाली.

सवयीनं निघालं ते तिच्या तोंडून. तिनं ओठ मिटले आणि माझ्याकडे रागानं पाहिलं, जणू मीच तिच्याकडून वदवून घेतलं होतं. मी घाईघाईत दक्षिण उरकली. तेवढ्यात पिकअपवाला आला, त्यानं हॉर्न दिला, मी दचकले, उत्तर म्हणून टाकली आणि थांबले.

“झालं?”

“झालं.”

“पश्चिम राहिली,” मम्मी म्हणाली.

मी पश्चिम म्हटली. या वेळी ती आमेन म्हणाली नाही. तिनं खोडावर हात ठेवला आणि साल चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्या लग्नाला उंबराचं पाणी आणलं होतं. बायका बँड लावून विहिरीवर गेल्या. उंबराची फांदी, कळशी, गाणी. त्या पाण्यानं मला अंघोळ घातली. आत्या म्हणाली, हात जोड. मी जोडले. फादरला कुणी विचारलं नव्हतं.”

“मग ते चुकीचं होतं?”

“मला काय विचारतेस? मी दहावी,” ती म्हणाली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मग ते गेलं. “एक ऐक. कम्युनियन खोटं घेऊ नकोस. माझ्यासाठी तर अजिबात नको. मन नसेल तर हात छातीवर ठेवून ये. फादर नुसता आशीर्वाद देतात, लहान मुलांना देतात तसा.”

“मावश्या बघतील.”

“बघू दे. डोळे दिलेत देवानं.”

नाताळच्या मिस्साला आवार तुडुंब भरलं होतं. आम्हांला बाहेर, मंडपात खुर्च्या मिळाल्या. कम्युनियनच्या थोडं आधी सगळे हात मिळवून एकमेकांना शांती देतात. मी पप्पांना दिली, मम्मीला दिली, पुढच्या फिलिपिनो कुटुंबाला वाकून दिली. मम्मीनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, “पश्चिम राहिली.”

मी मागे वळले. तिथे एक म्हातारे गृहस्थ कधीपासून हात पुढे करून उभे होते. त्यांचा हात गरम होता. किती वर्षं मी अशीच पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वळत होते, आणि कधी मोजल्या नव्हत्या दिशा.

रांग लागली तशी मी उठले. हात छातीवर घेतले. फादरनी माझ्या कपाळावर अंगठा टेकवला आणि काहीतरी पुटपुटले. गर्दीत मला ते नीट ऐकू आलं नाही. पण काहीतरी आलं.

बाहेर आमच्याच गावची एक मावशी केकची पिशवी सांभाळत आली. हॅपी ख्रिसमस झालं. मग तिनं माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. “काय गं बाय, कम्युनियन नाही घेतलंस? बरं आहे ना सगळं?”

मी मम्मीकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं आणि आवाज नेहमीसारखा बसला.

मम्मीनं माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली. “तिचं चाललंय,” ती म्हणाली. “तिच्या पद्धतीनं चाललंय. चुकत नाहीये ती.”

मावशी काही विचारणार, तेवढ्यात मम्मीनं पप्पांना हाक मारली, “अहो, यल्ला, चला! घरी भाजी गार होईल,” आणि माझा हात धरून गर्दीतून वाट काढायला लागली.