जागेवरच वाचायचे पुस्तक

नव्या रेक्झिनचा आणि वाळलेल्या खळीचा वास एकत्र आला की सांगलीच्या कॉलेजातली वाचनाची खोली मला अजून आठवते. फॉर्ट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेचे एकच पुस्तक तिथे होते. त्याच्या पहिल्या पानावर लाल शिक्का होता : जागेवरच वाचावे. माझ्या दृष्टीने त्या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण तोच होता.

साताऱ्याला वसतिगृहात राहून मी गणितात बी.एस्सी. झाले आणि कुंडलला घरी परतले. परतले म्हणजे आत आले. आमच्या घरची मुलगी सोबतीशिवाय एसटीत बसत नसे, आणि ऊसतोड सुरू झाली की सोबतीला एकही पुरुष मोकळा नसे. खिडकीतून दिसे तो ऊसच, माणसाहून उंच, पात्याला पाते घासत दिवसभर कोरडा सळसळणारा. त्यापलीकडे रस्ता आहे हे फक्त एसटीच्या हॉर्नवरून कळे.

सांगलीतले गणिताचे प्राध्यापक आमच्या नात्यातले, म्हणून गुरुवारी त्यांच्याकडे शिकायला जाण्याची परवानगी मिळाली. कॉम्प्युटर त्यांनीसुद्धा पुण्यातच पाहिलेला. ते म्हणाले होते, “पुस्तक पुरे कर. उन्हाळ्यात पुण्याला नेतो. तुझा प्रोग्राम तुझ्यासमोर चालवू.”

सोबतीला काकी येई. काका सैन्यात, दूर सरहद्दीवर; आणि सांगलीच्या डॉक्टरला दाखवायची काकीची दाढ नेमकी बुधवारी संध्याकाळी ठणकू लागे. वाचनाच्या खोलीत पंख्याखाली बसून, दाढेची अजिबात पर्वा न करता, ती शेंगा फोडून खाई.

“काय भरतीस गं येवढं चौकटीत? भरतकाम हाय व्हय?”

“यंत्राला काम सांगतेय, काकी.”

“मग तोंडानं सांग की. भैरं हाय का ते?”

फॉर्ट्रानचे वाक्य चौकटींच्या कागदावर सातव्या घरापासून सुरू करावे लागे. आधीची घरे क्रमांकांसाठी आणि खुणांसाठी राखीव. बहुधा ती रिकामीच राहत. कवितेवर वाढलेल्या मला हे परके वाटले नाही. वृत्तातही ओळीची जागा आधीच मोजलेली असते. शब्दाने तिच्यात मावायचे असते. फक्त वृत्त मोठ्याने म्हणून पाहता येते, कानाला चुकले तर कळते. माझा प्रोग्राम मात्र कुणीच म्हणून दाखवत नव्हते. मी लिहीत होते, आणि ते बरोबर आहे की नाही हे सांगणारा कान पुण्यात होता.

तरी शंका राहिलीच. सर म्हणत, नोकरी हवी असेल तर कोबॉल बरी, कचेऱ्यांतून तीच चालते. पण तिचे पुस्तक सांगलीत मिळत नव्हते. मुंबईत नोकरीला असलेल्या थोरल्या भावाला मी पत्राने विचारले : आधी कुठली भाषा शिकू?

उत्तर आले नाही. पार्सल आले. कोबॉलचे जाडजूड पुस्तक, आतल्या चिठ्ठीत प्रेमाने लिहिलेले : आता तुला हेलपाटे नकोत.

आबांनी, माझ्या वडिलांनी, सोप्यात बसून चिठ्ठी दोनदा वाचली. मग पुस्तक हातात तोलत म्हणाले, “झालं की. पोरानं पुस्तकच घरात आणून दिलं. आता सांगली बंद.”

“आबा, ही भाषा वेगळी आहे. मी शिकते ती फॉर्ट्रान.”

“दोन्ही विंग्रजीच न्हवं?”

दाराआडून काकीचा आवाज आला, “आवं भावजी, माजी दाढ लय ठणकतीया.”

“उपटून टाका म्हणावं. गावात न्हावी हाय.”

दाराआड काकणे वाजली आणि थांबली. मी सांगून पाहिले की कुठलीही भाषा घ्या, शेवटी ती यंत्रावर चालवून बघावी लागते. सर उन्हाळ्यात पुण्याला नेणार आहेत. थोडीच पाने उरली आहेत. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला काही धरायला तरी मिळाले असते. त्यांनी पुस्तकावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि ते माझ्या हातात दिले. नव्या कागदाचा गोडसर वास आला.

“शीक की. शिकू नगं म्हनतंय कोन?”

“मग यंत्र बघायचं कुठं, आबा? चालवायचं कुठं?”

बाहेर शेवटची एसटी वळणावर हॉर्न वाजवून गेली. आबांनी मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“घरीच.”