कल्हई उडालेलं घंगाळ

नवरा गेल्यावर पिंगळीच्या मालनबाईंनी वरातीची घोडी विकली नाही, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. बाईमाणसाने लगाम धरून नवरदेव मिरवायचा म्हणजे काय! बाईंनी कुणालाच भीक घातली नाही. जयंतीच्या मिरवणुकीतही तीच घोडी, शामा, पुढे, आणि लगाम बाईंच्याच हातात.

काळीभोर शामा यंदा तांबूस पडत चालली होती. त्याचं बाईंना फारसं वाटत नव्हतं. जीव टांगणीला लागला होता तो तिच्या पोटातल्या पिल्लासाठी. आधीचं शिंगरू चार महिन्यांचं होताच सांधे सुजून लंगडायला लागलं, ते कायमचंच. परभणीच्या जनावरांच्या डॉक्टर नीलम यांनी शामाचं रक्त तपासलं. नुसत्या कडब्या-कोंड्यावर तिला तांबं कमी पडतंय, त्यानेच रंग उतरतो आणि शिंगराचे सांधेही कच्चे राहतात, म्हणाल्या, आणि पोटातलं पिल्लू तर आईकडूनच तांबं साठवून घेतं. त्यांनी खुराकात मिसळायला पावडर दिली.

चमचाभर पावडरीवर बाईंचा भरवसा बसेना. घरात लग्नातलं तांब्याचं घंगाळ होतं, कल्हई कधीच उडालेली. अशा भांड्यात आंबट ठेवू नये, तांबं उतरतं, हे आईने शिकवलेलं. उतरतं ना, मग उतरू दे की! बाईंनी रात्रभर त्यात ताकातला कोंडा भिजत घातला. सकाळी शामाने तो चाटूनपुसून खाल्ला आणि तळाशी हिरवं दिसलं. तांबं उतरलं ते विष होऊन, हे बाईंना तेव्हा उमगलं.

मांडीवर घंगाळ घेऊन त्या ऑटोने परभणीला धावल्या. डॉक्टर लगोलग आल्या, शामाचं पोट, डोळे, हिरड्या सगळं पाहिलं आणि हसल्या.

"मावशी, मेंढी असती तर जिवावर बेतलं असतं. घोड्याला तांबं बरंच सोसतं. पण पुन्हा असलं करू नका."

"न्हाई करत. पर पोटातल्याला?"

"एका वेळच्या कोंड्याने त्याला काही होत नाही. पावडर तेवढी चुकवू नका."

बाईंनी पावडर चुकवली नाही. शामा व्याली, शिंगरू वाढू लागलं. चौथा महिना लागला तसा बाई रोज उठल्या की आधी त्याचे सांधे चाचपायच्या.

पाचवा सरत आला तेव्हा एका सकाळी शिंगराने त्यांच्या हाताला हिसडा दिला आणि ते शेतातून उधळलं. बाई मागे पळाल्या, धापा टाकत बांधावर बसल्या. ते काही हाती लागेना.

"पळ लेकरा, पळ. लय दमवायलायस मला," म्हणत बाई पोटभर रडल्या.