शैला डुकरांची डॉक्टर होती

फोन पास्कलचा होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते, मी पेपर घेऊन बसलो होतो, आणि ज्याचा आवाज तोवर कधी ऐकला नव्हता असा हा वसईचा डुकरं पाळणारा माणूस म्हणाला, "साहेब, मॅडम शेडवर चक्कर येऊन पडल्या. आम्ही हॉस्पिटलात आणलंय... तुम्ही निघा." मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाहेरच्या बाकावर पास्कल आणि त्याची बायको मार्था बसले होते. मार्थाच्या मांडीवर शैलाची पर्स, चष्मा आणि पिशवीत घातलेले तिचे गमबूट होते. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

माझी बायको शैला पशुवैद्य होती. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकली. बरोबरच्यांनी कुत्री-मांजरं धरली, दवाखाने थाटले, हिने डुकरं घेतली. "कुणीतरी घ्यायलाच हवीत ना," एवढंच तिचं उत्तर. तिचा जीव अडकलेला असायचा तो नुकत्याच आईपासून तोडलेल्या पिल्लांत. रात्रीच्या जेवणाला हाच विषय. "अहो, एका दिवसात त्याचं सगळंच बदलतं. दूध बंद, कोरडं खाद्य सुरू, आई दिसत नाही, जागा नवी. पोट बिघडतं, हगवण लागते, दोन दिवसांत पिल्लू जातं." मी म्हणायचो, "शैला, मी आमटी खातोय गं." "खा की! तुमच्याही पोटात जंतूच आहेत." मग प्रोबायोटिक म्हणजे पोटातले चांगले जिवंत जंतू आणि प्रीबायोटिक म्हणजे त्या जंतूंचा जेवणाचा डबा, हे मला, बँकेतल्या क्लार्कला, ती भाताच्या शितांवर समजावायची. पण पावडर म्हणजे जादू नव्हे, हेही तिचंच. आधी कोरडी जमीन, स्वच्छ पाणी, ऊब, पावडर त्यानंतर. पास्कलने एका थंडीत पिल्लांवर माया म्हणून खाद्य गरम पाण्यात कालवलं आणि पावडर त्यातच ढवळली. जंतू मेले, पिल्लं हगू लागली. हा फोनवर रडकुंडीला आलेला आणि ही त्याला समजावतेय, "अरे पास्कल, तू चांगल्या मनानेच उकडलंस रे त्या जंतूंना." मग आठवडाभर रोज वसईला गेली. आणखी एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. आई जवळ असतानाच नवं खाद्य, पावडर मिसळून, थोडं थोडं चाखवायला लागायचं. म्हणजे ताटातूट सोसते.

आता जे लिहायचंय त्याची लाज वाटते. डिलाईल रोडच्या चाळीत माझ्या आईला मी सांगितलं होतं, सून गुरांची डॉक्टर आहे. आई गेली, तरी मी तेच सांगत राहिलो. नातेवाइकांना, बँकेत, सगळ्यांना... गाई-म्हशींची डॉक्टर. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी विचारलं आणि मी पुन्हा तेच बोललो, ती शेजारी उभी असताना. परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "डुक्कर म्हणायला जीभ अडते का हो तुमची?" मी म्हटलं, "लोकांना कशाला सगळं सांगत बसायचं?" त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तेराव्याला पास्कल आला. करी रोडचा आमचा टॉवर, एकोणिसावा मजला, घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सोनकेळ्यांची फणी घेऊन उभा. माझ्या ताईने विचारलं, "हे कोण रे?" ज्या माणसाने माझ्या बायकोला उचलून गाडीत घातलं, शेवटच्या क्षणी जो तिच्याजवळ होता, त्याच्यासमोर मी काय बोलावं? "हिच्या ओळखीचे. वसईला म्हशी आहेत यांच्या." तोंडातून निघून गेलं. पास्कलने माझ्याकडे पाहिलं. मग ताईला म्हणाला, "हो ताई, म्हशी आहेत." मला सांभाळून घेतलं त्याने! जेवला आणि गेला.

पाहुणे गेले. चाळीत असतो तर कुणी ना कुणी डोकावलं असतं. इथे लिफ्ट वाजते, वाटतं आलं कोणी, आणि ती वरच्या मजल्यावर निघून जाते. दोन माणसांचा भात लावायची सवय सुटत नाही. उरलेला सकाळी मीच खातो. शैलाने पिल्लांची एवढी काळजी केली, मला मात्र कुणी आधीपासून थोडं थोडं चाखवलं नव्हतं हे एकटेपण. फार एकटा पडलोय मी, दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. फ्रीजमध्ये तिच्या पावडरीचे सहा डबे होते. दार उघडलं की दिसायचे. जिवंत वस्तू, फेकणार कशी? गेल्या रविवारी पिशवीत बर्फ घालून ते वसईला घेऊन गेलो. त्या शेडवर आयुष्यात पहिल्यांदा.

पास्कलने तेराव्याचा विषयही काढला नाही. पिल्लं दाखवली. चारच दिवसांपूर्वी तोडलेली, कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर रचून झोपलेली, गुलाबी कान. एवढीशी असतात हे मला माहीतच नव्हतं. समोर एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. "मॅडम इथंच बसून डबा खायच्या. बसा," मार्था म्हणाली. बसलो. तिने चहा आणला. "बिनसाखरेचा आहे, आलं जास्त घातलंय. तुम्हाला तसाच लागतो ना?"

"तुला कसं माहीत?"

"अहो, मॅडम सांगायच्या की! तुम्ही बँकेत होता, तुमचं अक्षर सुरेख, झोपेत हिशेब बडबडता... तुम्हाला अख्खी आळी ओळखते." आणि मी काही बोलायच्या आत कुंपणाकडे वळून तिने शेजारणीला मोठ्याने हाक मारली, "अगं ये लवकर, आपल्या मॅडमचे मिस्टर आलेत!"