पोळ्याच्या दिवशीचं पाणी

माझे सासरे बैल ओढ्यावर न्यायच्या आधी मला विचारायचे, "पोरी, पाणी बरं हाय का?" मी "बरं हाय, दादा" म्हटलं की कासरा सैल सोडून निघायचे. सगळं घर त्यांना दादाच म्हणतं. ते निघाले की त्यांच्या मागं आळीतली बाकीची बैलं निघायची. कुणी शंका काढली, वर कारखाना हाय, पाण्यात काय काय येत असंल, तर दादा म्हणायचे, "आमची सून हाय ना तिथं. मंग?" त्या 'मंग'मध्ये इतका तोरा असायचा की मला लाजल्यासारखं व्हायचं. आणि खरं सांगते, लई बरंही वाटायचं.

कारखाना आमच्या गावाच्या वरच्या अंगाला. तिथं महागड्या बॅगांचं चामडं रंगवतात. परदेशातल्या दुकानांत म्हणे एकेक बॅग एकटीच मांडून ठेवतात, देव्हाऱ्यात देव ठेवावा तशी. कमावलेलं चामडं बाहेरून येतं, इथं मोठाल्या लाकडी पिंपांत रंगतं, आणि रंगून उरलेलं घाण पाणी माझ्याकडं येतं. मी पिंपरी पेंढारची लेक. नारायणगावला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, लग्न होऊन इकडं आले आणि त्या पाण्याच्या प्लँटवर लागले. आई म्हणाली होती, एवढं शिकून गटारच बघायचं होतं का बाई?

पण ते नुसतं गटार नसतं. मोठी टाकी असते, तिला तळातून हवा देतात, आणि तिच्यात जिवंत जंतू असतात. तेच घाण खातात, आणि साफ झालेलं पाणी मग ओढ्यात जातं. आम्ही त्यांना किडे म्हणतो. किडे ठणठणीत असले की टाकीला ओल्या मातीचा वास येतो. टाकी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा हे किडे वाढावेत म्हणून ताजं शेण आणि गूळ घातला होता, आणि ते शेण आमच्या गोठ्यातलं होतं. दादांनी स्वतः पाट्या भरून दिल्या. "माझ्या बैलांच्या शेणावर मडमांच्या बॅगा चालत्यात," असं पारावर सांगत सुटले होते.

त्या वर्षी श्रावणात टाकी मेली.

झालं असं, की परदेशात कुणाच्या तरी मनात आलं, यंदा डाळिंबी रंग नको. मग काय! पिंपं मोकळी करायला रंगखात्यानं तयार रंग आणि पिंपं धुवायचं औषध सगळं एकदम गटारात सोडून दिलं. मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही मेल्यांनी. सकाळी गेले तर टाकीवर पांढऱ्या फेसाचे ढीग आणि नासक्या अंड्याचा वास. मी रंगखात्यात जाऊन असा काही आवाज चढवला की शिवणखात्यातल्या बायका मशीन थांबवून बघायला आल्या. त्यानं मेलेले किडे थोडेच उठणार होते?

परत शेण, परत गूळ. दादा रोज सकाळी माझ्या स्कूटीला शेणाची बादली बांधून द्यायचे. किडे जरा धरायचे आणि पुन्हा मरायचे, कारण वरचं काम एक दिवससुद्धा थांबत नव्हतं. साफ न झालेलं पाणी साठवण टाकीत तुंबायला लागलं. मी कारखान्याच्या साहेबांपुढं हात जोडले. म्हटलं, रंगकाम बंद ठेवा, नाहीतर टँकर लावून हे पाणी मोठ्या प्लँटला पाठवा. साहेब विदर्भातले, माणूस वाईट नाही. टँकर मागवलेही. एकदोन आले, मग येईनासे झाले. एक दिवस साहेब मान खाली घालून म्हणाले, "अगदीच भरली तर थोडं ओढ्यात सोडावं लागेल."

मी म्हटलं, "तुम्ही तसं केलंत तर मी तक्रार करीन, नोकरी गेली तरी चालेल. अहो, पोळ्याला गावाची सगळी बैलं त्या पाण्यात उतरतात!"

साहेबांना ते लागलं. म्हणाले, "मॅडम, मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पोळा होईपर्यंत एक थेंब जाणार नाही. शब्द देतो."

मला हायसं वाटलं. म्हटलं, तोवर महिना-दीड महिना हातात आहे, तेवढ्यात टाकी धरेल. मध्ये साहेब चार दिवस गावी जाऊन आले, येताना डबाभर करंज्या आणल्या. मीही खाल्ल्या. कशानिमित्त, ते विचारलं नाही.

टाकी काही धरली नाही. भादव्यात पावसानं झोडपलं आणि साठवण टाकी काठोकाठ भरली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओढ्याचं पाणी तपासलं, ते चांगलं होतं. म्हणून सकाळी पुरण शिजत असताना दादांनी दारातून विचारलं, तेव्हा मी चुलीपाशी बसूनच सांगितलं, "बरं हाय, दादा." दादा बैलं घेऊन गेले. त्यांच्या मागं आळी गेली.

आणि फोन वाजला. प्लँटवरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पहाटेच ओढ्याकडचा वॉल्व उघडलाय. साहेबांनीच सांगितलं."

मी तशीच पळाले, पुरणाच्या हातानं, अनवाणी. पळतापळताच साहेबांना फोन लावला आणि ओरडले, "शब्द दिला होता तुम्ही!"

"पाळला की. पोळा होऊन महिना झाला, मॅडम. मी घरी जाऊन बैल पुजून आलो."

कप्पाळ माझं! त्यांच्याकडं पोळा श्रावणात. आमच्या जुन्नर-आंबेगावात भादव्यात. एवढंच. तो माणूस शब्द पाळून वर महिनाभर थांबला होता, आणि मी त्याच्या पोळ्याच्या करंज्या खाल्ल्या होत्या. आमचा पोळा आज आहे, हे मी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "बंद करतो, आत्ता बंद करतो." आता बंद करून काय डोंबल होणार होतं?

ओढ्यावर नुसता कल्ला चालला होता. पोरं बैलांची अंगं घासत होती. पाण्याला डाळिंबी झाक होती, ती म्हणे बैलांच्या शिंगांवरच्या जुन्या रंगाची. दादा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांचा पांढरा बैल मान खाली घालून पाणी पीत होता.

"बाहेर काढा! दादा, पाणी वाईट हाय, काढा त्याला!"

सगळे थांबले. दादांनी वळून माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत हो, तेच तर सहन होईना. गोंधळून म्हणाले, "आगं, आत्ता तर बरं हाय म्हनलीस." मला तिथंच ओढ्यात जीव द्यावासा वाटला.

संध्याकाळी पांढऱ्यानं पुरणपोळीला तोंड लावलं नाही. दादांनी घास हातात धरला तर नुसता हुंगून मान फिरवली. पुढं हगवण लागली, बसला तो उठेना, दसऱ्याच्या आत गेला. आणखीही बैलं आजारी पडली, पण ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच गेला असं छातीठोक सांगता येत नाही. मी तक्रार केली. कारखाना काही दिवस बंद राहिला, मग टँकर कसे भराभर आले. साहेब दादांच्या पाया पडून गेले. दादा त्यांना म्हणाले, "तुमचा पोळा झाला व्हता, तुमी तरी काय करणार?" मला मात्र ते काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठं? ती टाकी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन मला झोप लागली नसती. पुन्हा शेण घालून किडे जगवले. उरलेल्या एकट्या बैलाचंच शेण. दादा बादली भरून ओट्यावर ठेवायचे, स्कूटीला बांधायचे नाहीत.

पुढच्या पोळ्याला टाकीला ओल्या मातीचा वास होता. ओढा नितळ होता, मी सकाळी स्वतः जाऊन बघून आले होते. दादा अंगणात नळाखाली बादली भरत होते. विचारतील म्हणून मी दारात उभी राहिले. दोन बादल्या झाल्या, तिसरी झाली. शेवटी मीच म्हटलं, "दादा, यंदा पाणी बरं हाय."

"असंल, पोरी," दादा म्हणाले आणि बैलाच्या पाठीवर बादली ओतली. त्यांच्या मागं आळीतली माणसं आपापली बैलं घेऊन आमच्याच नळाला रांग लावून उभी होती.